आरशातली मालकीण

तोमिए कुगा या आजींनी याआधी दोन चित्रकारांना चहा पाजून वाटेला लावलं होतं. तिसरी इत्सुको हानेदा. साठीला टेकलेली बाई, आणि तिची शेवटची चित्रमालिका मासिकाने अर्ध्यातच बंद केलेली. आजींच्या दिवंगत नवऱ्याची जुनी, गाजलेली खुनाची कादंबरी मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, उतरवायची परवानगी मिळाली, तर तिचा हात पुन्हा चालणार होता. नाहीतर धाकट्या बहिणीच्या बेंतोच्या दुकानात डब्यांत भात भरायला उभं राहायचं, हे घरात ठरूनच गेलं होतं.

आजींची अट एकच होती. सगळी कादंबरी नको, एकच पान काढून आणा. आरशाचं.

म्हणून संपादक नागुमोला घेऊन इत्सुको मात्सुमोतोला आजींच्या घरी आली. दारात बर्फ साचलेलं. तिघं कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या, उबेत पाय सरकवून बसले, आजींनी चहा आणि पालेभाजीचं लोणचं पुढे केलं, आणि बराच वेळ पानाचं नावच काढलं नाही.

कादंबरीतला तो प्रसंग असा. डोंगरातली एक सराई. संध्याकाळी एक पाहुणा मालकिणीच्या खोलीवरून जातो. ती पाठमोरी, आरशासमोर बसलेली; आरशात तिच्या किमोनोचा गळा रोजच्यासारखा नीट दिसतो. पुढे ती मेलेली सापडते. संध्याकाळपर्यंत ती जिवंत होती असं सगळे धरून चालतात, त्यामुळे दुपारीच गावाला गेलेल्या दासीकडे कोणी बोट दाखवत नाही. शेवटी गुप्तहेर दासीलाच पकडतो. कसं ओळखलंत, असं विचारल्यावर म्हणतो, आरशाने सांगितलं. काय सांगितलं, ते लेखकाने लिहिलंच नव्हतं. वाचक त्यावरून अजून भांडत होते.

इत्सुकोला वाटलं होतं, इथे लेखकच चुकला. जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू उजवीवर घेतो. उलटी घडी फक्त प्रेताची. पण आरशात सगळंच फिरतं, तेव्हा जिवंत बाईचा गळाही आरशात उलटाच दिसणार. तिने तो तसा काढला, आणि नेहमीच्या सवयीने कागद खिडकीच्या उजेडासमोर धरून मागच्या बाजूने तपासला. बिनचूक होता.

आजींनी चष्मा चढवून पान पाहिलं.

"हात छान आहे तुमचा, हानेदा-सान. पण ही तर जिवंत आहे."

नागुमो घाईघाईने आरशाचं गणित समजावू लागला. आजींनी त्याच्या बशीत आणखी लोणचं वाढलं.

"आरसा मला ठाऊक आहे, नागुमो-सान. रोज सकाळी त्यातली म्हातारी भेटते मला."

इत्सुको मात्र पुन्हा पानावरचा गळा निरखत होती. आरशात गळा जिवंत माणसासारखा दिसत असेल, तर अंगावर तो उलटा असणार. म्हणजे प्रेताची घडी. बाई दुपारीच मेलेली होती, आणि कोणीतरी तिला कपडे नेसवून तिथे बसवलं होतं.

"जिवंत भासवायला बसवलं," ती हळूच म्हणाली, "आणि घडी मात्र प्रेताची घातली. दासीचा हात चुकला."

"चुकला कसला? मेलेल्या माणसाला दुसरं कसं नेसवणार? खून करायला धजली, पण तेवढं करायला तिचाही हात धजला नाही." आजींनी चष्मा काढला. "मी यांना म्हटलं होतं, एक ओळ लिहा. म्हणाले, आपल्या माणसांना हे सांगावं लागत नाही. भारी हट्टी होते."

इत्सुकोने परवानगीचा विषय काढला नाही. तशी बसलेली बाई एकदा डोळ्यांनी पाहायला हवी, एवढंच ती म्हणाली.

आजी उठल्या. कपाटातला जुना किमोनो त्यांनी अंगातल्या स्वेटरवरूनच चढवला, उजवी बाजू वर घेतली आणि आरशासमोर पाठमोऱ्या बसल्या. नागुमोचा चेहरा उतरला. जिवंतपणी असं करू नये, अपशकुन असतो, असं तो पुटपुटला.

"गप रे. पुढच्या वेळी अशी नेसेन, तेव्हा उठून कसं दिसतंय ते विचारता येणार नाही मला."

इत्सुकोने दारातून पाहिलं. आरशात एक साधी, नीटनेटकी आजी होती. खटकण्यासारखं काहीच नव्हतं, आणि त्यानेच तिच्या अंगावर काटा आला. मग आजी वळून समोरासमोर झाल्या, आणि नागुमोने नजर खाली वळवली.

इत्सुको तिथेच जमिनीवर बसून रेखाटू लागली. रेखाटता रेखाटता तिला शेवट सुचला. शेवटी हेच आरशाचं चित्र पुन्हा द्यायचं, आणि वाचकाने पान उलटलं की मालकीण समोरून. अक्षर एकही नको.

आजींनी ते ऐकून घेतलं. "म्हणजे यांचा हट्टही पुरा झाला," त्या म्हणाल्या, आणि नागुमोला करार काढायला सांगितलं.

करारावर सहीचा शिक्का उमटवण्याआधी त्यांनी घडी तेवढी सरळ करून घेतली. परतीच्या वाटेवर स्टेशनातूनच इत्सुकोने बहिणीला फोन लावला. भात भरायला दुसरी कोणीतरी बघ, म्हणाली.