बायकांच्या बाजूची दुसरी रांग

मित्रांनो, बडनेऱ्यात रेल्वे क्वार्टर्सच्या मागे एक छोटे चर्च आहे. तिथला मी जुना सागवानी बाक. माझे लाकूड मेळघाटातले. मला घडवणारा सुतार कधी उपासनेला बसला नाही, पण माझी कड त्याने अशी घासली की आजवर कुणाच्या साडीचा धागा अडकलेला नाही. याचा मला अभिमान आहे.

आमच्याकडे रीत आहे. पुरुष डावीकडे बसतात, बायका उजवीकडे. मी उजवीकडे, दुसऱ्या रांगेत. माझ्यावर नवऱ्या मुली बसल्या, बाळंतिणी बसल्या, परीक्षेच्या धास्तीने प्रार्थना करणाऱ्या पोरीही बसल्या.

या रीतीत जयवंताला जागा नव्हती. जयवंता तृतीयपंथी आहे. जंक्शनवरच्या गाड्यांत टाळी वाजवून पैसे मागते. गेल्या वर्षी ती गाणी ऐकायला फाटकापर्यंत आली, पुढे दारापर्यंत. आत येऊन बसावे असे तिच्या फार मनात होते. पण कोणत्या बाजूला? लोकांनी माना वळवल्या की ती चपला घालून निघून जाई.

मंडळीचे पंच शांतवन मास्तर भले गृहस्थ. त्यांनी दारापाशी तिच्यासाठी वेगळी खुर्ची मांडली, वर उशीही ठेवली. सगळ्यांना बरे वाटले. मलाही वाटले.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाच्या, अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. तो षंढ होता, परका होता. देवाने आपला माणूस थेट त्याच्या रथापाशी धाडला, आणि वाटेतल्या पाण्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला. लोक माना डोलावत होते. जयवंता खुर्चीशेजारी उभीच होती.

माझ्या कडेला बसलेल्या पार्बताबाईंनी मागे वळून पाहिले. वय ऐंशीच्या घरात, आवाज फाटकाबाहेर जाणारा.

“काहून उभी हायेस वं? खुर्ची आवडली नाई काय?”

“चांगली हाये, आजी,” जयवंता म्हणाली. “लग्नघरी नेगाचे पैसे मागाले जातो, तवाबी आमाले अशीच खुर्ची दारात देतात.”

पाळकसाहेब बोलायचे थांबले.

“मास्तर, खुर्ची पाव्हण्याले देतात,” पार्बताबाई म्हणाल्या. “देवाच्या घरी हे काई पाव्हणी नाई. उचला ते. अन् तू ये इकडे, माह्याजवळ.”

“बाया उठून गेल्या तं?”

“गेल्या तं पाय पसरून बसू दोघी.”

माझ्यावर बसलेल्या रूपालीने पिशवी मांडीवर घेतली आणि ती सरकली. तिची सासू मात्र उठून मागच्या रांगेत गेली. घडले तसे सांगतो. जयवंता बसली तेव्हा तिने माझी कड घट्ट धरली होती. मग गीत सुरू झाले. तिचा जाड, भरदार आवाज उजव्या बाजूने उठला, तसे डावीकडचे पुरुषही मोठ्याने गाऊ लागले. शांतवन मास्तरांनी खुर्ची स्वतः उचलून नेली.

यंदा ईस्टरला जयवंताचा बाप्तिस्मा झाला. रूपालीची सासू आता पुन्हा माझ्यावर बसते, दुसऱ्या टोकाला. पाळकसाहेबांचे प्रवचन लांबले की ती आणि जयवंता एकमेकींकडे पाहतात.

मित्रांनो, आमच्या जागी सुट्या खुर्च्या आणायचे चालले आहे. माझा एक पाय वाळवीने खाल्ला, हे मान्य. पण खुर्चीवर एकाचीच जागा असते, बाकावर सरकता येते. मला नवा पाय बसवा, थोडे तेल द्या. दारात अजून कुणी ना कुणी येऊन उभे राहते.