पोपटीच्या मडक्यांत पाणी

लोधिवलीच्या शिबिरात पहिल्या सकाळी सगळ्यांत आधी जाग आली ती रुबिनाला. मुंबईहून आलेली तिच्या वर्गातली बाकीची पोरं पांघरुणात गुरफटून पडली होती. एवढ्या थंडीत उठणार कोण? पण रुबिनाच्या वस्तीत नळाला पाणी येतं ते पहाटे, तेही घटकाभर, आणि घरात पाणी भरायचं काम तिचं. नळ झोपलेल्यांसाठी थांबत नाही, हे तिला पाढ्यांच्याही आधी कळलं होतं.

अंगणातला नळ तिनं सहज फिरवून पाहिला. धो धो पाणी! रांग नाही, भांडण नाही. बाईसाहेब हरखल्याच. बादल्या भरल्या, पोरांच्या बाटल्या भरल्या, मग स्वयंपाकघरात शिरून पातेली, कढया, डबे, चहाची गाळणी सोडून सगळं भरलं. शेवटी कोपऱ्यात पालथी घातलेली मडकी दिसली. तीही काठोकाठ.

शिबिराची स्वयंपाकीण भागूबाई पोहे करायला आली आणि दारातच थबकली.

"कुनी केलं रं ह्ये? पोपटीची मडकी हायती ती."

पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भांबुर्ड्याच्या पाल्यात दडपून मडकं विस्तवात भाजायचं. पाण्याचा थेंबसुद्धा त्यात चालत नाही. आज संध्याकाळी तीच मेजवानी होती. पोरं पोट धरून हसली. रुबिनाला मात्र नियम आठवला. न विचारता स्वयंपाकघरात जाईल तो नदीवर येणार नाही, असं शिबिराच्या नीलेशदादानं कालच बजावलं होतं. आणि ती आली होती ती नदीसाठीच. आपल्या वाटचं पाणी भरायला अदनानला, म्हणजे भावाला, राजी करताना तिच्या नाकी नऊ आले होते.

"मीच भरलं, मावशी," ती म्हणाली. "पाणी जाईल म्हणून."

"बरं केलंस. आता ती मडकी वत आदी. उनात सुकाया पायजेत."

रुबिनानं मडकं उचललं, तिरकं केलं आणि तिचा हात अडला. भरलेलं पाणी जमिनीवर ओतायचं? असलं काम तिनं जन्मात केलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

भागूबाईचा राग तिथंच विरला. "हितं नको वतू गं. तिकडं वालाला घाल."

मग काय, सगळीच पोरं मडकी घेऊन वालाच्या वाफ्यांकडं पळाली. निम्मं पाणी वालाला मिळालं, निम्मं एकमेकांच्या अंगावर गेलं. नीलेशदादानं नियमाचा विषय काढला, तसं भागूबाईनं त्याला गप्प केलं.

"सैपाकघर माजं हाय. पोर नदीवर येनार."

नदीत पोरं म्हशींसारखी डुंबली. रुबिना मात्र गुडघाभर पाण्यात उभी राहून वरच्या अंगाला बघत होती.

"मावशी, ही बंद कधी करतात?" तिनं काठावर बसलेल्या भागूबाईला विचारलं.

"हिला कोन बंद करनार गं?"

तेव्हा कुठं रुबिनानं बसकण मारली, ती थेट गळ्यापर्यंत पाण्यात. मग संध्याकाळपर्यंत मडकी खडखडीत वाळली आणि पोपटी फक्कड जमली.

दुसऱ्या सकाळी पोहे निवत आले तरी एक पोर उठलं नव्हतं. नीलेशदादा हाक मारायला निघाला. भागूबाईनं त्याला दारातच अडवलं.

"झोपू दे तिला," ती म्हणाली. "पानी हाय अजून."

रुबिनानं ते अर्धवट झोपेत ऐकलं, कूस बदलली आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.