मिटलेल्यांचं फोल्डर

आमच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी आमच्या स्टुडिओतला कॉम्प्युटर तोंडापर्यंत भरला. एका लग्नाचे फोटो उतरवून घ्यायला बसलो, तर पडद्यावर पाटी आली. ती मी अक्षर अक्षर लावून वाचली. जागा शिल्लक नाही.

फोटो काढणं माझं काम, सांभाळणं बायकोचं. मला अक्षरओळखच पन्नाशीनंतर झाली, तीही तिनेच करून दिली. ट आणि ठ मध्ये माझी कायम गफलत व्हायची. ती म्हणायची, "अहो, सोपं आहे. ट चा डोळा उघडा, ठ चा मिटलेला." तरी मी पहिलं अक्षर बघायचो आणि पुढचा शब्द अंदाजाने ठोकून द्यायचो.

तेव्हा ती दवाखान्यात होती. छातीत पाणी झालं होतं. जाताना पडद्याच्या कडेला चिठ्ठी डकवून गेली होती. मी वाचली, 'जागा कमी पडली तर मिटलेले काढून टाका.'

'मिटलेले' हे तिने केलेलं फोल्डर. दहा माणसं एकत्र उभी केली की ऐन वेळी एकजण डोळे मिटतोच. असे फोटो गिऱ्हाइकाला नको असतात, ती ते बाजूला करायची. अकरा हजार निघाले. मी सगळे उडवले, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आणि मोकळ्या झालेल्या जागेत लग्न भरलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फुशारकीने सांगितलं. तिने उशीवरून मान उचलली.

"टाकले?"

"तूच तर लिहिलं होतंस."

"काढून ठेवा, असं लिहिलं होतं. खणात नवी डिस्क आहे, तिच्यावर."

"भंगार माल तो. त्याचं काय एवढं?"

"माझे सगळे त्यातच होते," ती म्हणाली.

फ्लॅश पडला की तिचे डोळे मिटायचे. चाळीस वर्षांच्या संसारात मला तिचा डोळे उघडे असलेला एक फोटो काढता आला नाही. थोरलीला मांडीवर घेतलेला, आमच्या लग्नात दुसऱ्याने काढलेलासुद्धा, सगळे मिटलेले. कागदावरचे ओल लागून गेले होते. त्याआधी तिने ते कॉम्प्युटरवर चढवले, म्हणून तेवढे उरले होते.

"थोरलीला द्यायचे होते," ती म्हणाली. "एवढ्या लांबून दोन पोरं घेऊन ती कशी येणार? पोरांना आजी दाखवायला काहीतरी हवं ना."

मी तिची चादर सारखी करू लागलो. "जाऊ द्या," तीच म्हणाली. "विद्यार्थी नापास झाला म्हणजे मास्तरीण कच्ची." हसता हसता तिला खोकला आला.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने हात टेकले. "काका, त्याच जागेवर तुम्ही लग्न भरलंत. खालचं आता निघत नाही."

त्यानंतर ते दिसू लागले. लग्नाचं फोल्डर उघडलं की नवरानवरीच्या फोटोंमधून टपालाच्या तिकिटाएवढे मिटलेले चेहरे. एखाद्यावर दाबलं की पाटी यायची, फाईल सापडत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, मूळ फोटो गेला तरी बारकं चित्र मशीनच्या आठवणीत राहतं. त्याने ती आठवण पुसली. सकाळी चेहरे पुन्हा हजर. मी काहीही भरत नव्हतो, तरी जागा रोज थोडी कमी होत होती. आणि रोज परके चेहरे घटत होते, तिचे वाढत होते.

शेवटी कॅमेरा घेऊन दवाखान्यात गेलो.

"फ्लॅश लावत नाही. खिडकीचा उजेड पुरे."

"मग नाही मिटत," ती म्हणाली आणि डोळे ताणून बसली. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने फोटो घेतलाच नाही. कार्डात जागा नाही.

"धन्य आहे तुमची. फोटोग्राफर म्हणे."

तिथल्या तिथे एखादा जुना फोटो उडवता आला असता. पण स्वतःच्या वाचण्यावर माझा भरवसा राहिला नव्हता. म्हटलं, स्टुडिओत जातो, कार्ड नव्या डिस्कवर उतरवतो आणि येतो.

"या सावकाश. मी कुठे पळून जात नाही."

खणातली डिस्क काढली. तिचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. जोडली, तर पाटी आली. जागा शिल्लक नाही. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग डिस्क उघडली.

पडदाभर तीच होती. लग्नातली, बाळंतपणातली, दुकानाच्या काउंटरमागची, ओळीने डोळे मिटलेली. मी एकेक बघत खाली आलो. अगदी शेवटच्या चौकटीत दवाखान्याची उशी होती. डाव्या गालावर खिडकीचा उजेड होता, आणि तिचे दोन्ही डोळे उघडे होते.

तो फोटो मी काढलेला नव्हता. कॅमेरा शेजारी पडला होता, कार्ड अजून त्याच्यातच होतं.

मी त्यावर दाबलं. फाईल सापडत नाही. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला.

माझी बायको त्या वर्षी, थोरलीचं जुळं एकेचाळीस दिवसांचं असताना, मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता गेली.