थकव्याचा आकडा

“किती लिहू?” बाबांनी थकव्याच्या वहीवर पेन्सिल धरून विचारलं.

“मला काय विचारता? दमलात तेवढं लिहा. दहापैकी.”

मी वळून पाहीपर्यंत त्यांनी लिहिलं होतं. चार. आंघोळ, शर्टाची बटणं आणि बाइंडिंगच्या सरावाला अर्धा तास कोरी पानं शिवणं, एवढंच झालं होतं.

“मग चारवाल्यानं लगेच आडवं व्हायचं नसतं,” मी म्हणाले. “आणि तुमची ती कानातली मंडळी काय म्हणतायत आज?”

“बोलतायत आपली. ती कुठं दमतायत? मीच दमतो.”

मला हसू आलं. तेही हसले आणि पुन्हा सुई हातात घेतली.

बाबांच्या स्किझोफ्रेनियाला तेवीस वर्षं झाली होती. गोळ्यांनी आवाज मवाळ झाले, थकवा मात्र राहिला. तो दिसत नाही, म्हणून घरात त्याला आळस म्हणत. सगळ्यांत जास्त मी. थेरपिस्ट बाईंनी वही आखून दिली होती. थोडं काम, दमण्याआधीच घड्याळ लावून दहा मिनिटं विश्रांती, मग आकडा. विश्रांती धरून दोन तास जमले, की बाइंडिंगचे जुने मालक त्यांना परत घेणार होते. बाबांना ते काम हवं होतं. मला त्यांच्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारातूनच दोन हाका मारल्या. तिसरी जरा चढ्या आवाजात. बाबांचं हृदय झोपेतच थांबलं होतं.

महिन्याने वही परत द्यायला गेले. बाई पानं उलटत राहिल्या.

“रोज चारच? सहाच्या वर आकडा दिसला असता, तर मी काम निम्मं केलं असतं. चार बघून वाढवत गेले.” त्यांनी पान उजेडात तिरपं धरलं. चारच्या खाली खोडरबराने पुसलेला आठ होता. मागच्या पानावरही. “घरी वही कोण बघायचं?”

“मी.”

“हृदयाचं वेगळं असतं हो,” त्या वही मिटत म्हणाल्या.

भर दुपारी घरी आले. बाबांची गादी कोपऱ्यात गुंडाळलेली होती. दिवसा ती पसरलेली दिसू नये म्हणून मीच रोज सकाळी गुंडाळून ठेवायचे. ती सोडली. चादर घातली, उशी ठेवली, खिडकीचा पडदा ओढला.

“बाबा, दमलात ना?” मी मोठ्याने म्हणाले. “पडा थोडं.”