चौथ्या मजल्यापर्यंतच्या खुणा

खुणा पहिल्यांदा दिसल्या त्या समोरच्या वहिनींना. जिन्याच्या वळणावर, भिंतीवर कमरेच्या उंचीला निळ्या खडूची एक बारीक रेघ. पुढच्या वळणावर तशीच आणखी एक. आणि आमच्या दाराच्या चौकटीवर एक छोटं गोल. वहिनींनी फोटो काढला आणि माझा चहा गार व्हायच्या आत तो इमारतीतल्या सगळ्या मोबाइलवर पोचला.

"पुस्तककाका, गोल म्हणजे काय, माहितीये?" वहिनी दारातूनच म्हणाल्या. "म्हातारं जोडपं, काम सोपं. आणि रेघ म्हणजे रस्ता मोकळा. माझ्या भावाने सगळं पाठवलंय. चोरांची भाषा असते ती."

मी आयुष्यभर वाचत आलो, पण ही भाषा कुठे वाचल्याचं आठवेना. तरी घाबरलो. घाबरण्यासारखं होतंही. शहर आमच्या अंगावर चालून आल्यासारखं वाढत होतं. खिडकीतून पूर्वी मोकळं माळरान दिसायचं, तिथे आता आमच्यासारख्याच इमारती उभ्या होत्या. तोच रंग, तेच जिने, तीच दारं. आधी पार्किंगमधल्या सायकली गेल्या, मग गच्चीवरचे नळ, आणि मागच्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरचं घर कुणीतरी भरदिवसा धुऊन नेलं. पोलीस आले, पंचनामा केला आणि जाताना म्हणाले, "बाहेरचा नसतो हो बहुतेक वेळा. येणंजाणं असलेलाच कुणीतरी असतो. नजर ठेवा."

आम्ही नजर ठेवू लागलो. एकमेकांच्या पाहुण्यांना नावगाव विचारू लागलो. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असला तर आपल्या मजल्याचं बटण दाबेनासे झालो. त्यातून खडू निघाला, तेव्हा सगळ्यांची नजर मास्टरवर गेली.

मास्टर म्हणजे जिन्याखाली मशीन मांडून बसणारा शिंपी. बाह्या आखूड कर, चेन बदल, असली कामं करायचा. एक पाय अधू, जीभ मात्र धडधाकट. मशीनवर निळ्या खडूची चपटी वडी कायम पडलेली.

सेक्रेटरींनी त्याला हटकलं तेव्हा मी जवळच पेपर वाचत उभा होतो. म्हणजे वाचतोय असं दाखवत होतो.

"खडू माझाच आहे," मास्टर म्हणाला. "पण माझे खडू कुणीतरी उचलतंय. आधी तो माणूस शोधा."

"वा रे वा! लोकांचे दागिने जातात आणि तुझा खडू जातो!"

"माझं दुकान तेवढंच आहे साहेब. माझं जाणार काय दुसरं?"

"मग खुणा चौथ्याच मजल्यावर का थांबल्या? पुढे पाय चढत नाही म्हणूनच ना?"

मास्टरने कात्री खाली ठेवली. एरवी कुणाचं ऐकून न घेणारा माणूस, पण एक शब्द बोलला नाही. त्या गप्प बसण्यानेच माझी खात्री पटली. खरं तर मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटली ती भीती, कारण ही रोज दुपारी त्याच्यापाशी जाऊन बसायची.

ही म्हणजे माझी बायको. पूर्वी घरी शिवणकाम करायची, म्हणून मास्टरशी तिच्या गप्पा जमायच्या. लिफ्ट एकदा मध्येच अडकल्यापासून ती जिन्यानेच ये-जा करते.

"तू मास्टरला काय काय सांगतेस गं?" मी विचारलं. "आपण कधी बाहेर जातो, किल्ली कुठे असते..."

"किल्ली कुठे असते?" तिने मलाच विचारलं.

मला वाटलं, चेष्टा करतेय.

रविवारी सभा ठरली. विषय एकच, मास्टरला जिन्याखालून उठवायचं. दुसरीकडे बसायची त्याची सोय नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. मीही नव्हतो. फक्त त्याच्याविरुद्ध हात वर करण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, असं ठरवलं. आदल्या दिवशी दुपारी ही खाली गेल्यावर मी दार किंचित उघडं ठेवलं आणि आत खुर्ची टाकून बसलो. मांडीवर पुस्तक होतं. पान एकही उलटलं नाही.

जिन्यात पावलं वाजली. सावकाश, थांबत थांबत येणारी, अधू पायाचीच वाटावीत अशी. मी पुढे वाकलो. फटीतून एक हात दिसला. त्याने भिंतीवरची पुसट झालेली रेघ खडूने पुन्हा गडद केली. मधल्या बोटाचं पेर सुईने टोचून टोचून निबर झालेलं होतं. ते बोट मला ओळखायला वेळ लागला नाही.

ही रेघेवर तळहात टेकून उभी राहिली. वर जाणाऱ्या जिन्याकडे तिने पाहिलं, मग आमच्या दाराकडे. चौकटीवर बोटं फिरवत तिने ते गोल शोधलं आणि सापडल्यावर सुटकेचा श्वास टाकला. आत आली ती मला पाहून दचकलीच.

"दार उघडं काय टाकलंय? चोऱ्या होतायत ना इथे!"

मी उठून दार लावलं. मागे एकदा ती खालच्या मजल्यावरची बेल वाजवून आली होती, "सहज गेले गप्पा मारायला" म्हणाली होती. मी तेव्हा मान डोलावून पुस्तकात तोंड खुपसलं होतं. साऱ्या इमारतीवर नजर ठेवली, घरातलं एकच माणूस तेवढं राहून गेलं.

सभा पार्किंगमध्ये भरली. ही माझ्या शेजारी बसली होती. मास्टर मशीनला झाकण लावून कोपऱ्यात उभा होता.

"कुणाची हरकत?" सेक्रेटरींनी विचारलं.

चारचौघांत बोलायची मला सवय नाही. तरी उभा राहिलो. "खुणा मी केल्या," म्हणालो. "सगळे मजले सारखेच दिसतात. मला... घर सापडत नाही हल्ली. खडूही मीच उचलले. मास्टरचा काही संबंध नाही."

सगळे वळून माझ्याकडे पाहू लागले. मग मागून आवाज आला, "काका, पुस्तकात डोकं घालून जिना चढायचा नसतो!" आणि सगळे हसले. त्यांना ते पटलं. इतकं चटकन पटलं की मला जरा लागलंच.

"बरं, खुणा आजच पुसून घेतल्यात," सेक्रेटरी म्हणाले. "पुन्हा करू नका. बरोबर कुणाला तरी घेत चला."

मास्टर लंगडत माझ्यासमोर आला. त्याने हात पुढे केला. "माझा खडू?"

मी उगाच खिसे चाचपू लागलो. तो रोखून पाहत होता. तेवढ्यात हिने आपली मूठ उघडली आणि खडू त्याच्या हातावर ठेवला.

"घ्या मास्टर. यांचं हे असंच असतं."

मास्टरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि जाऊन मशीनचं झाकण काढलं.

"मला सांगायचं होतंत," जिन्यात ही म्हणाली. "घर सापडत नाही म्हणून. त्यात लाज कसली?" तिने माझा हात घट्ट धरला. भिंती ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेल्या होत्या. "सावकाश चढा हं," असं म्हणत ती मला वर नेत राहिली. चौथा मजला आला. आमच्या दारावरून आम्ही पुढे गेलो. मी हात सोडवून घेतला नाही.

पाचव्या मजल्यावर तिने परक्या कुलपात किल्ली घातली. ती फिरेना. तिने पुन्हा खटपट केली.

"कोण आहे? कोण आहे तिकडे?" आतून घाबरलेला आवाज आला.

"मी आहे, खालचा," मी दारापाशी तोंड नेऊन म्हणालो. "माझंच पुन्हा चुकलं."