माटोळीतलं पदक

"कोणाक खरां वाटाचां नाय, पण ह्यां पदक माझ्या बापायन गोऱ्या कप्तानाच्या छातयेवरसून दातांनी ओढून काढलां," कृष्णनाथ म्हणाला.

गोव्यातल्या पार्शे गावात, त्याच्या घरात चवथीची आरती नुकतीच आटोपली होती. गणपतीच्या डोक्यावर माटोळीची लाकडी चौकट टांगलेली होती. माटोळीत माणसं नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळं बांधतात. कृष्णनाथ त्यांच्या जोडीला पोर्तुगीज पदकं बांधायचा. भंगारवाल्यांकडून, मेलेल्यांच्या कपाटांतून त्याने जन्मभर ती गोळा केली होती. एक म्हणे केरीच्या समुद्रात मोरी माशाच्या पोटात सापडलं. एक गव्हर्नराच्या घोड्याचं. तो घोडा दर चवथीला वीतभर उंच होई आणि ऐकणारे पंचखाद्य चघळत हसत.

आज मात्र गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. पाखल्यांशी, म्हणजे पोर्तुगिजांशी, लढलेल्यांची नावं देवळाजवळच्या दगडावर कोरायची होती आणि ते काम बघणारा पंच सगुण समोर बसला होता. पहिलं नाव विठूचं. त्याला पाखल्यांनी पकडून नेलं, तो परतलाच नाही. कृष्णनाथला त्याखाली आपल्या बापाचं, रामचंद्राचं, नाव हवं होतं. डोळे मिटायच्या आत.

"फीत बघ, सगुण. कप्तानाच्या कोटावरसून सुटली तशीच हा. मागीर मनशाचो हात लागूक नाय तिका."

"बरां तर काका," सगुण म्हणाला, "घालतंव नाव. विठूच्या खाली."

कोपऱ्यात बसलेल्या गंगाने वाटी खाली ठेवली. ती विठूची मुलगी, शेजारीण. दर चवथीला यायची, मोरी आणि घोडा ऐकून सगळ्यांबरोबर हसायची. भिंतीला धरून ती उठली, माटोळीत बांधलेलं ते पदक तिने हाताशी येईल इतकं खाली ओढलं आणि फितीवरून अंगठा फिरवला.

"ह्यो टाको माझ्या आयचो."

कृष्णनाथ हसला. "गंगाबाय, तुका मोतीबिंदू झालो मगे."

"डोळ्यांनी खंय बघतंय? गोधडयेचो दुहेरी टाको, बोटांक कळता." तिचा आवाज चढला नाही. "बापायक धरून नेल्यार महिन्याभरान तुझो बापूस आमच्या दारात इलो. नवीन पदक सदऱ्यावर बसना, फीत शिवन दी म्हणालो. ता पदक कित्याक गावलां, आयेक म्हायत होतां. विठू खंय लपलो, ता पाखल्यांक कोणी दाखयल्यान, ताय म्हायत होतां. तरी शिवल्यान. घरात आमी तिघां पोरां."

सगुण माटोळीकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघू लागला.

"कित्याक इतकी जमवलंस रे? ह्यां एक त्यांच्यात दिसा नये म्हणान?"

कृष्णनाथने पदक घ्यायला हात पुढे केला.

गंगाने पदक सोडलं. माटोळी हलली, सगळी पदकं एकमेकांवर आपटून किणकिणली.

"मोरी खोटी, घोडो खोटो, ता मी हसान ऐकलंय. ह्यांय खोटां, कृष्णा. ह्यां माझ्या बापायच्या खाली कोरू नको."