चंदेरी कागदातली बाटली

“जूनमध्ये माशाचं तेल?” टोरुनने टेबलावरची बाटली उचलली. थोरल्या बहिणीने, गुद्रुनने, ती चंदेरी कागदात गच्च गुंडाळून ठेवली होती. बर्गनमध्ये कॉड माशाच्या यकृताचं तेल घ्यायचं ते हिवाळ्यात, रोज एक चमचा. उन्हाळा लागला की बाटली कपाटात. आईने दोघींना हेच वळण लावलं होतं. त्यात बाहेर लख्ख ऊन आणि घरातले पडदे ओढलेले.

“उजेडानं बिघडतं, तूच म्हणालीस ना,” गुद्रुन म्हणाली. तिच्या ओठांची सालं निघाली होती.

टोरुनने बाटली खाली ठेवली. ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांच्या थरावर ओरखडा काढायचा आणि उजेडानं बिघडू नये म्हणून मंद पिवळ्या दिव्याखाली व्हिटॅमिन ए पासून बनवलेलं औषध घालायचं, हे तिचं काम. एरवी पेशी सरकत सरकत ओरखडा बुजवून टाकतात. औषधाच्या बशीत तो तसाच राहिला, तेव्हा तिला आनंद पोटात मावेना. जेवता जेवता बहिणीला सगळं सांगून बसली. समोर कोण बसलंय याचं भानच राहिलं नाही. गुद्रुनचा कर्करोग तेव्हाच स्तनातून यकृतापर्यंत पोहोचला होता.

“रोज किती घेतेस?”

“मोजतंय कोण! सरळ तोंडाला लावते.”

“अगं, वेड लागलंय का तुला? यकृत आधीच थकलंय, त्यावर या तेलातल्या व्हिटॅमिन ए चा मारा!”

“ओरडू नकोस. तिथवर गेलंय ते गेलंय. पुढं सरकू नये, एवढंच बघतेय मी. तुझ्या बशीत थांबल्या ना त्या?”

खोटं बोलणं सोपं होतं. टोरुनने खुर्ची जवळ ओढली आणि बहिणीचा हात धरला.

“बशीत थांबल्या. माणसाचं अजून कुणालाच ठाऊक नाही. आणि ते औषध वेगळं, हे तेल वेगळं. यानं काही थांबणार नाही गं, उलट अपाय होतोय, ओठ बघ तुझे. उद्याच डॉक्टरांना सांगू.”



“आई म्हणायचीच, धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही,” गुद्रुन शेवटी म्हणाली. “उघड मग तो पडदा. ऊन तरी बघू दे.”

टोरुनने पडदा सारला. ऊन थेट टेबलावर आलं. बाटली सावलीत ओढायला गुद्रुनचा हात सवयीने पुढे झाला, आणि मग तिने तो मागे घेतला.